कबर नसलेला क्रूस

मृतांच्या दिवशी सकाळी फाउस्तिनोने मला खांद्यावर घेतलं आणि आम्ही दफनभूमीकडे निघालो. माझा काळा रंग नुकताच वाळला होता. माझ्या आडव्या दांड्यावर कागदाची फुलं बांधली होती, पांढरी आणि जांभळी. फाउस्तिनोच्या दुसऱ्या हातात टोपली होती. तिच्यात तळलेला मासा, उकडलेली रताळी आणि मेलेल्यांच्या नावाने वाटायचे छोटे पाव होते. मागून घरोब्यातली मेल्चोरा येत होती. तिच्या डोक्यावर चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची घागर होती, म्हणून तिला भरभर चालता येत नव्हतं.

"जरा हळू चाल, कोम्पाद्रे," ती ओरडली. "तुझी बायको काही उठून कुठं जात नाही!"

फाउस्तिनो हसला. वर्षभरात मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या फालुपे गावाची दफनभूमी वाकाच्या पायथ्याशी आहे. वाका म्हणजे जुन्या लोकांनी मातीच्या विटांनी रचलेली टेकडी. फाउस्तिनोच्या बायकोची, आसुंताची कबर सगळ्यांत कडेची, टेकडीच्या बाजूची. आम्ही तिथे पोचलो आणि फाउस्तिनो थांबला.

कबर नव्हती. तिथे खड्डा होता. तो चौकोनी होता. त्याच्या कडा सरळ होत्या आणि कोपरे दोरी धरून कापलेले होते.

कबरी फोडणारे चोर गोल खड्डा खणतात. घाईत, माणूस आत मावेल एवढाच. चौकोनी खड्डा आमच्या खोऱ्यात फक्त जुन्या वस्तू शोधणाऱ्या परदेशी डॉक्टरसाहेबांची माणसं खणत. फाउस्तिनोने त्यांच्याकडे कितीतरी हंगाम काम केलं होतं. असे कोपरे त्याने स्वतःच्या हाताने कापले होते. त्याला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मेल्चोरा मागून आली. तिने घागर खाली ठेवली आणि खड्ड्यात पाहिलं. मघाशी आपण काय बोललो ते तिला आठवलं असावं, कारण तिने पदर तोंडात कोंबला. फाउस्तिनो मला खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मला कुठे टेकवावं हे त्याला कळत नव्हतं.

मित्रांनो, मी आसुंताच्या कबरीचा क्रूस. पण मी जन्मापासून क्रूस नव्हतो. आधी मी मागाचा दांडा होतो. माझा आडवा भाऊ हाही त्याच मागाचा दुसरा दांडा.

आसुंताच्या आजीच्या बापाने आम्हाला अल्गारोबोच्या एकाच फांदीतून तासून काढलं. ते झाड काटेरी असतं आणि लाकूड लोखंडासारखं टणक. आमचा माग अगदी साधा. भाऊ घराच्या खांबाला बांधलेला आणि मी विणणारीच्या पोटाशी. तिच्या कमरेमागून एक पट्टा येई आणि माझ्या दोन्ही टोकांना अडकवलेला असे. ती मागे रेलली की ताणा ताठ होई, पुढे वाकली की सैल पडे. आजीने असं विणलं, मग आईने, मग आसुंताने. तिघींच्या हातांनी माझी टोकं गुळगुळीत झाली.

आमच्याकडे कापूस तपकिरी येतो. त्याला रंग द्यावा लागत नाही. आसुंता तो अंगणात पिंजायची, चातीवर सूत काढायची आणि दुपारी विणायला बसायची. विणताना ती सतत बोलत असे. ऐकायला कोणी नसलं तर माझ्याशी बोलत असे. तिला आणि फाउस्तिनोला मूलबाळ नव्हतं.

फाउस्तिनो पाटाच्या पाण्यावर मका करायचा. डॉक्टरसाहेब समुद्रापलीकडून वाका खणायला आले तेव्हा तो त्यांच्याकडे कामाला लागला. ते हंगामापुरते येत, तंबू ठोकत, दोऱ्या लावून जमीन मोजत आणि हळूहळू खणत. खणायच्या आधी आमची माणसं जमिनीवर चिचा शिंपडत, तंबाखूचा धूर सोडत आणि आतल्या जुन्या माणसांना म्हणत, रागावू नका, आम्ही पोटासाठी आलोय. डॉक्टरसाहेब तेवढा वेळ टोपी काढून उभे राहत. ते वाईट नव्हते. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगीच कुणाला शिव्या देणार नाही.

एकदा फाउस्तिनो घरी एक चिंधी घेऊन आला. वाकामधून निघालेली, तळहाताएवढी. डॉक्टरसाहेबांना ती शिवून जोडायची होती आणि आसुंताला जमेल का, असं त्यांनी विचारलं होतं. आसुंताने ती उन्हात धरली, उलटी केली, नाकाला लावली.

"ही बघ, इथं चुकलीये," ती म्हणाली. "दोन धागे सोडायचे, हिने तीन सोडले. डुलकी लागली असणार बयेला."

"अगं, मेलेल्या बाईची तरी खोड काढू नकोस."

"खोड कुठं काढतेय? ओळख काढतेय. आणि हिची पाठ दुखत होती. डावीकडे झुकून विणलंय सगळं. माझंही तसंच होतं."

"मग उद्या डॉक्टरांना सांगतो, हजार वर्षांपूर्वीच्या बाईला कंबर चोळून घ्यायची आहे म्हणून."

"तू आधी माझी चोळ. मग तिचं बघू."

तेव्हापासून वाकामधल्या चिंध्या आमच्या घरी येऊ लागल्या. आसुंता त्या सांधायची आणि त्यांची नक्षी बोटाने वाळूत काढून ठेवायची. मग तीच नक्षी ती आमच्यावर विणायची. तिच्या आईला जे येत नव्हतं, आजीला येत नव्हतं, ते तिने त्या जुन्या बायकांकडून उचललं. डॉक्टरसाहेब एकदा आमच्या अंगणात आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. बराच वेळ त्यांनी पाहिलं. नंतर त्यांच्या तुटक्या भाषेत ते फाउस्तिनोला म्हणाले, "तुझ्या बायकोचं कापड आणि वाकातलं कापड शेजारी ठेवलं तर मलाही ओळखू येणार नाही."

फाउस्तिनोने हे गावभर सांगितलं. चिचा पितानाही तो तेच सांगत असे. लोक म्हणायचे, "कळलं रे बाबा, कळलं. तुझी बायको हजार वर्षांची आहे." आसुंता लाजायची, पण मी तिच्या पोटाशी असायचो. तिला किती बरं वाटायचं ते मला माहीत होतं. त्या दिवसांत डॉक्टरसाहेबांनी आमचा फोटोही काढला, तेव्हाच्या रीतीने काचेवर. काचेच्या कुठल्यातरी तुकड्यावर आसुंता अजून विणत बसलेली असेल आणि मी तिच्या पोटाशी असेन.

मग डॉक्टरसाहेब आगबोटीने परत गेले. ते नसताना आसुंताने एक मोठं कापड विणायला घेतलं. तपकिरी जमिनीवर पांढरे पेलिकन, एका ओळीत, चोचीत मासा. सणाला खांद्यावर घ्यायला तिने ते केलं होतं. ते संपलं आणि तिला ताप आला. त्या वर्षी आमच्या खोऱ्यात पुष्कळ लोक तापाने गेले. फाउस्तिनो तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत राहिला आणि ती त्याला कापूस उन्हातून आत घे, असं सांगत राहिली.

आमच्याकडे पेटीसाठी फळ्या महाग. पुष्कळांना वाकातल्या जुन्या माणसांसारखं बोरूच्या चटईत गुंडाळूनच पुरतात, आणि आमच्या कोरड्या वाळूत देह कुजत नाही, नुसता सुकतो. मेल्चोरा ही आसुंताची कोमाद्रे, तिच्या मुलीला आसुंताने बाप्तिस्म्याला धरलेलं; त्याच नात्याने फाउस्तिनो तिचा कोम्पाद्रे. तिनेच आसुंताला न्हाऊ घातलं. तीच म्हणाली, "चटईवरून पेलिकनचं कापड घाला. सणाला घालणार होती ना? मग आज घालू दे." तसं केलं.

त्याच संध्याकाळी फाउस्तिनोने मागावरची उरलेली दोरी सोडली आणि आम्हा दोन भावांना सुटं केलं. मग एकावर एक आडवं ठेवून कातड्याच्या वादीने बांधलं.

"अरे, मागाचे दांडे मोडतोस?" शेजारी म्हणाले. "चांगलं लाकूड आहे. उद्या कुणी विणायचं म्हटलं तर?"

"कोण विणणार आहे?" फाउस्तिनो म्हणाला.

असा मी क्रूस झालो.

आता फालुपेची एक रीत सांगतो. ती तुम्हाला सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या मृतांच्या दिवसाआधी त्याचा क्रूस कबरीवरून उपटून घरी आणतात. तो खरवडतात, रंगवतात, त्यावर नाव घालतात, फुलं बांधतात आणि त्या दिवशी वाजतगाजत परत नेऊन लावतात. गेलेलं माणूस एकदा घर बघून जातं, असं म्हणतात. जुन्या कबरींचे क्रूस हलवत नाहीत. फक्त त्या वर्षीचे. तेवढे दिवस त्या कबरीवर काहीच खूण नसते, नुसती वाळू. गावातल्या कुणाचीही त्यात चूक होत नाही. कुठे कोण आहे हे सगळ्यांना पाठ असतं.

फाउस्तिनोने मला लवकर आणलं. जरा जास्तच लवकर. घर त्याला खायला उठत होतं आणि मी भिंतीला टेकून उभा असलो की त्याला सोबत वाटे. तो मला रोज थोडं खरवडायचा. आसुंताच्या हातांनी गुळगुळीत झालेली टोकं मात्र त्याने खरवडली नाहीत. रंग देतानाही ती सोडून दिली.

त्याच दिवसांत डॉक्टरसाहेबांचा हंगाम संपत आला होता. फाउस्तिनोने त्यांना आसुंता गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. कबर कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि फाउस्तिनोनेही सांगितलं नाही. कबर दफनभूमीत असते, त्यात सांगायचं काय?

नदीला पाणी यायच्या आधी आमच्या गावाला पाट साफ करावा लागतो. त्याला घरटी एक माणूस जातोच, कुणाला सुटका नाही. खणणारी फालुपेची सगळी माणसं पाटावर गेली. डॉक्टरसाहेबांचा मुकादम इलारियो दक्षिणेकडचा होता, आमची रीत त्याला माहीत नव्हती. त्याने वरच्या खोऱ्यातून दुसरी माणसं आणली आणि त्यांना वाकाच्या पायथ्याच्या कडेला लावलं.

पाट झाल्यावर फाउस्तिनोला गाडीचं काम मिळालं. तंबूपासून बंदरापर्यंत खोकी न्यायची. वाटेत आमचं घर लागतं. खेचरांना पाणी पाजायला त्याने गाडी अंगणात उभी केली. मी भिंतीला टेकून रंग वाळवत होतो. ऊन होतं म्हणून तो गाडीवर चढला, एका खोक्यावर बसला आणि तिथेच रताळं सोलून खाल्लं. खाताना तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तुला तिच्याकडे नेतो." मग त्याने साली खेचराला घातल्या आणि गाडी हाकली.

मित्रांनो, ती त्या गाडीत होती. आपल्या दारात येऊन, आपल्या नवऱ्याबरोबर थोडं थांबून ती बंदराला गेली. मला कळलं नाही. त्यालाही कळलं नाही.

हे त्याला इलारियोकडून कळलं. खड्डा दिसल्यावर फाउस्तिनो मला खांद्यावर घेऊन तसाच तंबूंकडे गेला. डॉक्टरसाहेब आगबोटीने निघून गेले होते. इलारियो तंबूच्या दोऱ्या गुंडाळत होता. फाउस्तिनोच्या खांद्यावर मला पाहून तो उठला.

"वाकाच्या कडेची, शेवटची कबर," फाउस्तिनो म्हणाला. "तुम्ही खणली?"

"कबर? ती जुनी होती की. चटई होती, वर कापड. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं राहिलेलं आजवर मिळालं नव्हतं. चेहरा त्यांनी उघडलाच नाही, म्हणाले, तिकडे गेल्यावर नीट उघडू."

"कापडावर काय होतं?"

"पक्षी. पेलिकन." एवढं बोलून इलारियो थांबला. त्याला उमगायला लागलं होतं. "फाउस्तिनो, तिथं क्रूस नव्हता. देवाशपथ. क्रूस असता तर मी फावडं लावू दिलं असतं का?"

फाउस्तिनोने मला खांद्यावरून खाली घेतलं आणि हातात उभं धरलं. इलारियो माझ्या नव्या रंगाकडे, फुलांकडे बघत राहिला.

"कुठल्या खोक्यात ठेवलं?"

"ते नको विचारू."

"इलारियो, कुठल्या खोक्यात?"

"तू नेलेल्यांत."

मग फाउस्तिनोने विचारलं, "वर काढताना नीट धरलं होतं का?"

"चौघांनी धरलं. डॉक्टर स्वतः खाली उतरले होते. सगळीकडून कापूस लावला."

"आपला कापूस?"

"आपलाच. तपकिरी."

"बरं," फाउस्तिनो म्हणाला.

तो मला घरी ठेवून बंदराला गेला. परत आला तेव्हा मेल्चोरा अंगणात बसून होती. त्याने तिला जे सांगितलं ते मी ऐकलं. वखारीतल्या कारकुनाने त्याला विचारलं होतं, काय हरवलंय? फाउस्तिनो म्हणाला, बायको. कारकुनाला वाटलं हा पिऊन आलाय. मग त्याने जरा समजावून घेतलं आणि म्हणाला, खोक्यांवर नावं नसतात, आकडे असतात, आणि आगबोट तर कधीच गेली. फाउस्तिनोने विचारलं, तिकडे थंडी असते का? कारकून म्हणाला, असते, बर्फ पडतं.

"तिला थंडी सोसत नाही, कोमाद्रे," फाउस्तिनो म्हणाला. "उन्हाळ्यातही पाय झाकून झोपायची."

मेल्चोरा रडली नाही. ती चिडली. "मग तू इथं कशाला आलास? बसायचं होतंस त्या आगबोटीत!"

"माझ्यासारख्याला कोण बसू देणार?"

"खोक्यात बसायचं! तुमच्या डॉक्टरला मेलेली माणसं आवडतात ना? मग तूही चालला असतास!"

एवढं बोलून ती रडायला लागली.

डॉक्टरसाहेब पुढच्या हंगामाला येतील, तेव्हा त्यांना सांगू, असं फाउस्तिनोने ठरवलं. तो वाट बघत राहिला. पण त्यांच्याकडे मोठं युद्ध सुरू झालं आणि ते आले नाहीत. नंतरही आले नाहीत. ते जिवंत आहेत की नाहीत हेही कुणाला कळलं नाही. आपण नेलेली बाई म्हणजे आसुंता, हे त्यांना कधी कळलं की नाही, हेही आम्हाला माहीत नाही.

पाद्रीबाबा घरी येऊन म्हणाले, "खड्डा बुजव आणि क्रूस लाव. जागा तीच आहे ना? देवाला समजतं."

"देवाला समजत असेल," फाउस्तिनो म्हणाला. "पण खाली कुणी नसताना वर क्रूस लावला तर ती मला म्हणेल, अरे, मी इथं नाहीच. तू कुणाच्या उशाशी बसलायस?"

म्हणून मी घरातच राहिलो. दाराच्या मागे. माझी फुलं विटली आणि गळून पडली. रंगाचे पोपडे निघाले. एका पावसाळी वर्षात भिंत खचली तेव्हा माझ्यावर चिखल आला, तो कितीतरी दिवस कुणी पुसला नाही. कोंबड्या माझ्या भावावर बसायच्या. फाउस्तिनो मला विसरला नव्हता. त्याला माझ्याकडे बघवत नसे, एवढंच. मृतांच्या दिवशी गावातली माणसं पाव घेऊन कबरींकडे जात आणि तो दार लावून घरात बसे. पाव मात्र तो दरवर्षी आणायचा. ते तो कुणाच्या कबरीशी वाटणार? मग ते मेल्चोराच्या नातवंडांना देऊन टाकायचा आणि म्हणायचा, "आसुंताच्या नावाने खा."

नंतर वाका खणायला दुसरी माणसं आली. राजधानीतली होती, आपली भाषा बोलणारी. फाउस्तिनोने मला पुसलं, खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या तंबूत नेलं. तोवर तो वाकला होता आणि मी त्याला जड होत होतो.

"हे तिच्या मागाचे दांडे," त्याने सांगितलं. "या टोकांना तिचे हात लागलेत. ती तिकडे जुनी म्हणून ठेवलीये, पण ती जुनी नाही. ती माझी बायको आहे. पेलिकनचं कापड तिने इथंच विणलं, आमच्या अंगणात. एवढं त्यांना कळवा."

त्यांच्यातला एक तरुण होता. त्याने माझ्या टोकांवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "आजोबा, तिकडची संग्रहालयं फार मोठी आहेत. कुठलं ते आधी शोधावं लागेल. मी प्रयत्न करतो."

"करा बाबा," फाउस्तिनो म्हणाला. "आणि ती सापडली तर तिला म्हणावं, पाट साफ करायला गेलो होतो."

तो तरुण प्रयत्न करत असेल. त्याच्याकडून अजून काही आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन जमीन खणायला जाईल. जरूर जा. जुनी माणसं आपल्याला खूप शिकवतात, आसुंतालाही शिकवलं. पण फावडं लावायच्या आधी जवळच्या गावात जा. कुणाचं तरी दार वाजवा आणि विचारा, इथे कोण आहे? तीन शब्दांचा प्रश्न आहे, विचारायला वेळ लागत नाही. आणि कधी काचेच्या कपाटात कुणी निजलेलं दिसलं, तर पाटी वाचून लगेच पुढे जाऊ नका. थोडं थांबा. त्या माणसाची कुणी दाराशी वाट बघत असेल.

फाउस्तिनो आता पलंगावरून फारसा उठत नाही. मेल्चोरा त्याला पेज भरवते आणि दोन्ही वेळा भांडते. काल ती त्याला म्हणाली, "कोम्पाद्रे, तुझं झालं की हा क्रूस तुझ्या कबरीवर लावू का? तुम्हा दोघांचा म्हणून."

"नको," तो म्हणाला. "तो तिचा आहे. माझ्यावर साधी काठी लावा."

वाकाच्या कडेचा खड्डा वाऱ्याने अर्धा भरला आहे. मी दाराच्या मागेच आहे. आसुंताला परत मातीत ठेवायचं अजून राहिलं आहे.